आधी राउटरला पिंग करून बघा

स्पीड टेस्टला १०० एमबीपीएस येतात, तरी संध्याकाळी व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये पिंग (सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ३० वरून ३०० वर उडतो, असं तुम्ही म्हणताय. प्लॅन वाढवायची घाई करू नका. गेमला स्पीड फारसा लागत नाही, स्थिर पिंग लागतो.

दोष घरात आहे की बाहेर, ते आधी ठरवा. गेम चालू असताना कमांड प्रॉम्प्टच्या दोन विंडोत सतत पिंग (ping -t आणि पुढे पत्ता) सुरू ठेवा: एकीत राउटर, बहुधा १९२.१६८.१.१, दुसरीत ८.८.८.८, म्हणजे बाहेरचा गूगलचा सर्व्हर. राउटरचाच पिंग उडाला तर वायफायचा घोळ. सरळ लॅन केबल लावा. राउटर शांत आणि दुसरीकडे उड्या, तर कोणाच्या मोबाइलवरून फोटो-व्हिडिओंचा बॅकअप चाललाय का बघा. अपलोड भरला की गेमची पॅकेट्स (डेटाचे छोटे तुकडे) त्याच रांगेत अडकतात. मला तर बहुतेक वेळा हेच कारण सापडतं. राउटरमध्ये क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) असेल तर अपलोडला खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा घाला.

तरीही थांबलं नाही, तर फायबरच्या मोडेममध्ये आरएक्स पॉवर (मोडेमपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात) बघा. उणे २७ डीबीएमच्याही खाली (म्हणजे उणे २८, उणे ३०) असेल, तर बहुधा वायर दुमडलीय किंवा कनेक्टर खराब आहे. इंटरनेट कंपनीकडे तक्रार करताना त्याचा स्क्रीनशॉट जोडाच, नाहीतर 'राउटर रिस्टार्ट करा' म्हणून बोळवण करतात.