मदत हवी आहे: सप्लाय गेला की कार्डातल्या जुन्या, बंद केलेल्या फायलीपण खराब होतात

नमस्कार मंडळी, तीन आठवडे डोकं फोडून आता हात टेकलेत म्हणून विचारतोय. मायक्रोकंट्रोलरवर तापमानाचा लॉगर केलाय, ८ जीबीचं एसडी कार्ड एसपीआयवर (चिपला कार्ड जोडायच्या मोजक्या तारा), फाईलसिस्टिम फॅट३२. दर १० सेकंदांनी ६४ बाइटची एक ओळ जाते, रोजची फाईल वेगळी. वापरणारा सरळ मेन स्विच बंद करतो आणि ते काही बदलणार नाही, त्यामुळे "आधी शटडाऊन करा" हा सल्ला प्लीज नको.

आधी फाईल दिवसभर उघडीच ठेवायचो, सप्लाय गेला की ती शून्य बाइट. कॉम्प्युटरवर चेकडिस्क चालवलं की हरवलेल्या क्लस्टरमधून बऱ्याचशा ओळी सुखरूप बाहेर यायच्या, म्हणजे डेटा पोचत होता, फक्त साइज डिरेक्टरी एंट्रीत (फाईलचं नाव-साइज जिथे नोंदतात तिथे) चढत नव्हती, ती सिंक (फाईल बंद न करता सगळं कार्डावर उतरवणं) किंवा क्लोज केल्यावरच चढते. म्हणून शहाणपणा करून प्रत्येक ओळीनंतर सिंक टाकला, आणि ते शून्याचं दुखणं गेलं पण आता जे होतंय ते त्याहून भारी. परवा कार्ड काढलं तर फोल्डरमध्ये दोन फायलींची नावं नुसते चौकोन, एकीची साइज ३ जीबीच्या वर (सगळं मिळून १० एमबीसुद्धा लिहिलेलं नाही!), आणि आठ दिवसांपूर्वीची फाईल, जिला नंतर कोडने हातही लावला नव्हता, तिच्या ऐन मधे नुसतं एफएफ एफएफ एफएफ (म्हणजे ओळींऐवजी निरर्थक बाइट). वरच्या ओळी ठीक, खालच्याही ठीक. (तारीख १९८० दिसते ते माझंच पाप, टाइमचं फंक्शन लिहायचं राहिलंय.)

एफ३ ने (बनावट कार्ड पकडणारा प्रोग्राम) तपासलं, कार्ड खरंच ८ जीबीचं आहे. दुसरं कार्ड लावलं तरी तेच. सलग ११ दिवस चालू ठेवलं तर एक अक्षर बिघडलं नाही, पण रिलेने (विजेवर चालणारा स्विच) सप्लाय तोडत बसलो की तीस-चाळीस झटक्यांत काहीतरी फुटतंच. ५ व्होल्टवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, ढिम्म फरक नाही. बंद फाईलला धक्का लागतोच कसा?

प्रतिसाद १:
कोडमध्ये शोधू नका. कार्डातली फ्लॅश मेमरी ५१२ बाइटने पुसता येत नाही, पुसायचा ब्लॉक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. तुम्ही एक ओळ लिहिता तेव्हा कार्डातला कंट्रोलर शेजारपाजारचा डेटापण उचलून दुसरीकडे मांडतो आणि कुठे काय ठेवलं त्याचा नकाशा बदलतो, नेमका तेव्हा सप्लाय गेला की शेजारी मेला. जर्नलवाली (बदल आधी नोंदवून ठेवणारी) फाईलसिस्टिम टाकली तरी तिला हे खालचं दिसत नाही. त्यात तुम्ही हे दिवसाला ८६४० वेळा करताय! ८ ओळी रॅममध्ये साठवा, बरोबर ५१२ बाइट होतात, मग एकदाच लिहा, फार तर ८० सेकंदांचा डेटा जाईल. आणि फाईल आधीच पूर्ण साइजची करून ठेवा, म्हणजे फॅट (कुठली फाईल कार्डावर कुठे आहे त्याचा तक्ता) आणि डिरेक्टरीला दिवसभर हात लागणार नाही.

कपॅसिटरचं गणित करा की राव. बोर्ड १०० मिलीअँपिअर घेत असेल आणि ५ वरून ३.५ व्होल्टपर्यंत चालत असेल तर १००० मायक्रोफॅरडला मिळतात १५ मिलीसेकंद. कार्ड एका राइटला २५० मिलीसेकंदांपर्यंत बिझी राहू शकतं, म्हणजे १७००० मायक्रोफॅरडच्या आसपास लागेल. कपॅसिटरच्या आधी डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) असेलच, त्याच्या अलीकडे, अडॅप्टरच्या बाजूला, व्होल्टेज बघा, पडायला लागलं की नवीन राइट बंद, चालू असलेला पुरा होऊ द्या.

धागाकर्ता:
डायोड?? डायोडच नाहीये माझ्याकडे 🤦 म्हणजे ते १५ मिलीसेकंदपण अडॅप्टरकडे उलटे वाहून जात असणार. आज डायोड, मोठा कपॅसिटर आणि ८ ओळींचा बफर लावून परत रिलेवर टाकतो, २०० झटके झाले की सांगतो. एकच शंका, फाईल आधीच पूर्ण साइजची केली तर परत चालू झाल्यावर शेवटची ओळ कुठे संपली ते कसं ओळखता? सगळी फाईल वाचत बसायची का?