येशूची भाषा ‘जशीच्या तशी’? काहीही!

लिपीवेडा: काल इथे एकाने ठोकून दिलं की सीरियातल्या मालुला गावात येशू बोलायचा ती अरामी भाषा दोन हजार वर्षं जशीच्या तशी बोलतात. अहो, शिवकालीन पत्र आपल्याला धड वाचता येत नाही, आणि तिथे म्हणे काळ थांबलाय! मालुला आणि शेजारची दोन गावं, एवढीच अरामीची पश्चिमी शाखा उरली आहे. म्हणून येशूच्या गालील प्रांतातल्या बोलीला त्यातल्या त्यात जवळची. बस. त्यातही अरबी शब्द खच्चून भरलेत.

उंटावरचा शहाणा: तो धागा माझाच. शब्द सोडा, व्याकरण बघा. क्रियापदांची जुनी रूपं मालुलात टिकलीत, इराककडच्या ख्रिश्चनांच्या ‘सुरेत’ या अरामी बोलीत ती केव्हाच गेली. शेजारच्या जुबादीनचे तर मुसलमानही हीच बोली बोलतात.

लिपीवेडा: बरं. म्हणजे ‘जशीच्या तशी, फक्त क्रियापदापुरती’. कळलं!

रेवदंडेकर: येशू येशू काय लावलंय? आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आजोबा गेले तेव्हा बाबांनी कद्दिश, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, म्हटला, त्यातलं ‘शमे रब्बा’ म्हणताना त्यांचा आवाज फुटला. शेजारचे काका म्हणतात, हिब्रू किती गोड! कद्दिश बव्हंशी अरामीत आहे हो. लग्नाचा करारनामा, केतुबा, तोही अरामीतच. पण सांगणार कुणाला?

नाक्यावरचा: आणि आपली ब्राह्मी अरामीवरूनच आली, तेही सांगा.

बाराखडी: झालं! सोडलं पिल्लू. ब्राह्मी इथलीच.

नाक्यावरचा: वायव्येकडची जुनी खरोष्ठी लिपी तरी मान्य कराल? उजवीकडून डावीकडे लिहितात, सरळसरळ अरामीची लेक. अशोकाने कंदाहारला ग्रीक आणि अरामीत लेख कोरला, १९५८ साली सापडलाय. त्याला कमीपणा वाटला नाही, तुम्हाला का वाटतो?

बाराखडी: अक्कल शिकवू नका. इराणच्या प्राचीन हखामनी राजवटीचा कारभार अरामीत चालायचा, तिकडे ती वाचणारे लोक उरले होते, म्हणून कोरला. त्यावरून ब्राह्मीचं मूळ सिद्ध होत नाही.

नाक्यावरचा: ब्राह्मीवर वाद आहे, बरं बाबा. पण अरामी आपल्या दारापर्यंत आली होती हे तुमच्याच तोंडून वदलं. उपकार झाले!

रेवदंडेकर: २०१३ मध्ये मालुलावर जिहाद्यांनी हल्ला केला, माणसं घरंदारं टाकून दमास्कसला पळाली. पुढची पोरं ती बोली कुठे बोलणार, यावर बोला की कुणीतरी.

बाराखडी: ब्राह्मीचा वेगळा धागा काढतोय. नाक्यावरचे, पुरावे घेऊन या.