मदत हवी आहे : नेटवर्कमधून संगणक दिसेनासे होतात

दादरच्या आमच्या छोट्या कार्यालयात एकाच राउटरला केबलने जोडलेले पाच संगणक आहेत आणि सगळ्यांवर विंडोज १० आहे. सकाळी सगळे दिसतात, पण तासाभरात फाइल एक्सप्लोररच्या ‘नेटवर्क’ यादीत फक्त त्या संगणकाचे स्वतःचेच नाव उरते, मात्र पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१.१२ असे टाइप केले की हिशेबाचा फोल्डर लगेच उघडतो, म्हणजे केबल शाबूत आहे. वर्कग्रुप एकच आहे, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे, फायरवॉल बंद करूनही पाहिली. जुनी यादी ज्यावर चालत असे ते एसएमबी १ (नेटवर्कवर फायली शेअर करण्याची जुनी पद्धत) विंडोज १० मध्ये २०१७ पासून सहसा बसवलेले नसते, आणि सुरक्षिततेसाठी मला ते परत आणायचे नाही. मग ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही (संगणकाचे अस्तित्व नेटवर्कवर जाहीर करणारी) सेवा प्रत्येक संगणकावर ‘ऑटोमॅटिक’ केल्यास यादी टिकेल का, की राउटरच मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक संगणकांना जाणारे संदेश) अडवत आहे हे आधी तपासावे, आणि ते कसे?