वहीतला चुकलेला आकडा: उतारवयातलं डोकं आणि पैसा, तुमचे अनुभव

जुनीशाई
माळा आवरताना बाबांच्या हिशेबाच्या वह्या सापडल्या. दुपारपासून त्याच घेऊन बसले आहे, माळा तसाच पडलाय.

डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, मध्ये पट्टीने ओढलेली लाल रेघ. एक आणि सात यांत घोळ नको म्हणून सातच्या पोटात आडवी रेघ. महिनाअखेरीला तेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताळा, जुळल्याशिवाय बाबा जागचे उठायचे नाहीत.

शेवटची वही मात्र बघवत नाही. विजेचं बिल एकाच महिन्यात तीनदा लिहिलंय. पेन्शन खर्चाच्या बाजूला टाकलीय. एका पानावर तीच बेरीज चार वेळा केलीय, चारही वेळा उत्तर वेगळं, आणि खोडून खोडून कागदाला भोक पडलंय. त्या काळात ते गप्पा छान मारायचे, तिसापर्यंत पाढे घडाघडा म्हणायचे, म्हणून आम्हाला कुणाला शंकाच आली नाही. दोन वर्षांनी कळलं की फोनवरच्या कुठल्याशा गोड बोलणाऱ्या माणसाचं ऐकून त्यांनी दोन मुदत ठेवी मोडल्या होत्या. पैशांपेक्षा मला हेच जास्त लागलं, की आपलं गणित चुकतंय हे त्यांना कळत होतं आणि त्यांनी ते एकट्याने सोसलं.

2020 साली अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची बिलं स्मृतिभ्रंशाचं निदान व्हायच्या सहा वर्षं आधीपासूनच थकायला लागलेली दिसली. म्हणजे माणसांची नावं विसरण्याच्याही आधी पैशाचा हिशेब डळमळू शकतो. मला हे तेव्हा माहीत असतं तर!

तुमच्या घरात काय झालं? स्वतःसाठी काय ठरवलंत? जे आठवेल ते लिहा.

काजवा
अगं, भोक पडलेलं पान डोळ्यांसमोरून हलेना.

आमच्या सासूबाईंचं वेगळंच निघालं. विचारलं एक की उत्तर भलतंच द्यायच्या, मग बोलणंच सोडलं. पाहुणे आले की आत जाऊन बसायच्या. आम्ही धरून चाललो की झालं, डोकं गेलं. कानाच्या डॉक्टरांकडे गेलो आणि कळलं की निम्मं ऐकूच येत नाही. मशीन बसवलं. पहिले पंधरा दिवस "काढा हे, भांड्यांचा आवाज डोक्यात जातो" म्हणून भांडल्या. आता माझ्या फोनवरच्या बोलण्यात मध्येच तोंड घालतात!

पाणंद
काजवाताई, हे फार महत्त्वाचं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी 14 कारणं आहेत. त्यात कमी ऐकू येणं आहे, उपचार न केलेली कमी नजर आहे, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा हेही आहेत. ही सगळी सांभाळली तर सुमारे 45 टक्के रुग्णांचा आजार टळू किंवा पुढे ढकलला जाऊ शकतो असं त्यांचं म्हणणं. शब्दकोडी सोडवा, पण आधी कान आणि डोळे तपासा.

आणि बी-12, थायरॉईड बघितल्याशिवाय कुणी "म्हातारपण" म्हणून सोडून देऊ नका. माझी आत्या सहा महिने धुक्यात वावरत होती. बी-12 अगदी तळाला गेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू माणसात आली.

सुईदोरा
+1. माझी आई एका रात्रीत असंबद्ध बोलायला लागली. लघवीचा संसर्ग निघाला. वयस्कर माणसात ताप न येताही असं होतं म्हणे. अचानक झालं तर थांबू नका, लगेच दाखवा.

मशीनचे कपडे झाले, येते.

उंबरठा
मी स्वतः 68. त्यामुळे मुलांच्या बाजूने नाही, आतून लिहितो.

निवृत्तीच्या दिवशी आयुष्यात प्रथमच एवढी मोठी रक्कम एकरकमी हातात आली. भीतीपोटी सगळी एकाच ठेवीत टाकली, व्याजावर घर चालवायचं ठरवलं. पहिली चार वर्षं मजेत गेली. मग व्याज तेवढंच आणि खर्च वाढलेला. एका मित्राने 72 चा नियम समजावला: 72 ला महागाईच्या दराने भागा, तेवढ्या वर्षांत खर्च दुप्पट. महागाई 6 टक्के असेल तर 12 वर्षं. म्हणजे साठीला निवृत्त झालेल्याचा खर्च 84 व्या वर्षी चौपट! वहीत ते मांडलं आणि रात्रभर झोप आली नाही.

आता तीन वाटे केलेत. दोन वर्षांचा खर्च कधीही काढता येईल असा, मधला वाटा मुदतीत, आणि दहा वर्षं हात लावायचा नाही असा एक वाटा वाढीसाठी. उशिरा केलं, पण केलं. आजारपणाचा पैसा वेगळा, त्यातून नातवाला सायकलसुद्धा घेणार नाही.

चांदणवेल
काका, सायकल घ्या हो, नातवंडं लहान असतात तोवरच!

उंबरठा
घेतली. पेन्शनमधून. 🙂

रानवाट
मी भाच्याला जामीन राहिले होते. नवरा गेल्यावर आठव्या महिन्यात. नको म्हणायची ताकदच नव्हती, काय सही करतेय ते वाचलंही नाही. हप्ते थकले तेव्हा पत्र माझ्या दारात. नातंही गेलं आणि गाठीचे पैसेही. आता कुणी काही मागितलं की मी एवढंच म्हणते, "पुढच्या आठवड्यात सांगते." तेवढ्या दिवसांत लेकीशी बोलते. दुःखात असताना कशावरही सही करू नका.

काजवा
रानवाट, फार सोसलंत. मिठी.

उनाड
विषय थोडा सोडून लिहितोय. लंडनच्या टॅक्सीचालकांवरचा 2000 सालचा अभ्यास माहितीये का? हजारो रस्ते पाठ करणाऱ्या त्या लोकांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा (आठवणी आणि रस्ते लक्षात ठेवणाऱ्या भागाचा) मागचा भाग मोठा आढळला होता. ते वाचल्यापासून मी नकाशा न लावता गाडी चालवतो. बायको म्हणते मेंदू वाढतोय की नाही देवाला ठाऊक, पेट्रोल नक्की वाढलंय.

चांदणवेल
😂😂 मी 61 व्या वर्षी तबला शिकायला लागले. डावा हात ऐकतच नाही. पण क्लासमधल्या पोरांची मैत्रीण झाले, हे जास्त मोलाचं वाटतं.

सुईदोरा
तबला?? कुठून सुरुवात केलीस, माझ्या मनात कधीपासून आहे. मेसेज करते.

पाणंद
एक कामाची गोष्ट. आम्ही आत्याचं मुखत्यारपत्र करून निश्चिंत झालो होतो. नंतर वकील म्हणाले की देणाऱ्या माणसाची समज गेली की साधं मुखत्यारपत्र बऱ्याच देशांत निरुपयोगी ठरतं. काही ठिकाणी त्यासाठी वेगळा दस्त असतो, काही ठिकाणी कोर्टात जावं लागतं. आपल्याकडे काय आहे ते माणूस शुद्धीत असतानाच विचारून घ्या. मृत्युपत्राचंही तेच. शिवाय खाती, विमा, लॉकर यांची यादी एका कागदावर, आणि तो कागद कुठे आहे हे दोघांना तरी ठाऊक हवं.

रानवाट
जुनीशाई, एक विचारू? बाबांकडून हिशेब काढून कसा घेतलात? आईची चेकबुकं हातात घ्यायची वेळ आलीय आणि माझा धीर होत नाही. तिला वाटेल मी तिला मोडीत काढलं.

जुनीशाई
काढून घेतलाच नाही. मोठ्या रकमा आईच्या आणि माझ्या सहीशिवाय हलणार नाहीत असं केलं, आणि एका खात्यात फक्त महिन्याचा खर्च ठेवला. त्या खात्याचं पासबुक त्यांच्याच खिशात. "बाबा, मला हिशेब शिकवा" म्हणून शेजारी बसायचे. बसता बसता खरंच शिकले.

आणि आत्ता तुम्हाला लिहिताना शेवटचं पान उलटलं. तिथे अक्षर आईचं आहे. बाबांना जमेना तेव्हा तिने लिहायला घेतलं असणार. तिची बेरीज एका जागी चुकलीय. शेजारी लाल पेनने दुरुस्ती आहे, पोटात रेघ असलेला सात. मी आत्ता कॅल्क्युलेटरवर बघितलं. दुरुस्ती बरोबर आहे.

काजवा
😭

रानवाट
संध्याकाळी आईकडे जाते. कोरी वही घेऊन. रेघा तिलाच मारायला सांगते.

उनाड
माळ्यावरून उतरलात का पण? शिडी धरायला कुणी आहे ना?

जुनीशाई
आहे हो, आई खाली उभी आहे. दहा वेळा विचारून झालं तिचं, काय वाचतेस म्हणून. तिला दाखवते आता.