लग्नाचे दागिने: हॉलमार्क बघितला, आता वजनात आणि बिलात काय तपासायचं?

पेठेतली_काकू

नमस्कार मंडळी. घरात लग्न निघालंय. सोन्यात पाटल्यांचा जोड, काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, बोरमाळ आणि मोत्यांची नथ घ्यायची आहे. चांदीत ताट-वाटी-भांडं, समई, पैंजण.

पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ दोन्हीकडे चौकशी केली. २२ कॅरेटचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच, पण त्याच वजनाच्या मंगळसूत्राची शेवटची रक्कम दुकानागणिक बरीच वेगळी येते. नथीवर शिक्का नाही, "लागत नाही" म्हणाले. बोरमाळेबद्दल "आत लाख आहे" एवढंच उत्तर. चांदीत एक जण ९२५ सांगतो, दुसरा टंचाच्या भाषेत बोलतो. हॉलमार्क पाहायचा हे माहीत आहे. त्यापलीकडे नेमकं काय विचारायचं, ते जाणकारांनी सांगावं.

गुंजभर

काकू, आधी शिक्क्याचं बघू, ते आता सोपं झालंय. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा असाव्या लागतात: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, शुद्धता आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख नंबर. २२ कॅरेटला २२के९१६ लिहिलेलं असतं, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १८ कॅरेटला ७५०, १४ ला ५८५. घरातल्या जुन्या दागिन्यावर चार खुणा असतील, त्यात तपासणी केंद्राची आणि सराफाची खूण असेल, तर घाबरू नका, ती आधीची पद्धत आहे.

खुणा लेझरने कोरलेल्या आणि फार बारीक असतात. दहापट भिंग मागा, प्रत्येक दुकानात असतं. पाटलीला आतल्या अंगाला, मंगळसूत्राला बहुधा वाटीच्या मागे किंवा हुकाजवळ शोधा. मग बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाका. लोक "नंबर सापडला" एवढं बघून फोन खिशात ठेवतात. खरं काम तिथून पुढे आहे. ॲप दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र आणि हॉलमार्कची तारीख दाखवतं. हातात पाटली आणि ॲपमध्ये अंगठी, असं निघालं तर तो नंबर दुसऱ्या दागिन्यावरून उचललेला आहे. जोडातल्या दोन पाटल्यांचे नंबर वेगवेगळे हवेत. दोन्हीवर एकच नंबर असेल तर घेऊ नका.

आता रक्कम वेगळी का येते ते. शिक्का शुद्धतेची हमी देतो, वजनाची देत नाही. बिलात प्रत्येक दागिना वेगळा, त्याचं निव्वळ वजन, कॅरेटसह शुद्धता आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिणं सराफावर बंधनकारक आहे. हे शुल्क नगाला ४५ रुपये, जीएसटी धरून ५३ रुपये १० पैसे. पाटली एक तोळ्याची असो की तीन, तेवढंच.

हिशोब सोपा जावा म्हणून २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरू. तो भाव ९९९ चा असेल तर २२ कॅरेट साधारण ९,१७० ला पडायला हवं, ९९५ चा असेल तर ९,२०० च्या आसपास. त्याहून जास्त लावलं असेल तर घडणावळीचा काही भाग भावात शिरलाय.

समजा मंगळसूत्राचं एकूण वजन २० ग्रॅम, त्यात काळे मणी आणि दोरा २.८ ग्रॅम. सोनं १७.२ ग्रॅम. १७.२ गुणिले ९,१७० म्हणजे १,५७,७२४. घडणावळ १२ टक्के धरली तर १८,९२७. बेरजेवर ३ टक्के जीएसटी ५,३००. हॉलमार्क धरून साधारण १,८२,००० रुपये. हेच जर २० ग्रॅमवर लावलं तर घडणावळ आणि करासकट २९,६०० रुपये जास्त जातात, तेही काचेच्या मण्यांचे. शिक्का दोन्ही वेळा खराच असतो.

घडणावळ टक्क्यात सांगतात, तिचा ग्रॅममागे रुपयांत आकडा काढून घ्या. टक्केवारीत भाव चढला की मजुरीही चढते, कारागिराचं काम मात्र तेवढंच असतं. "घट" (घडवताना वाया जाणारं सोनं) वेगळी लावत असतील तर ती त्याच आकड्यात मिळवा आणि मग दुकानांची तुलना करा. घासाघीस करायला जागा असते ती इथेच, भावात नाही.

जाता जाता: दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. आजीच्या वहीत "पाटल्या ५ तोळे" असं असेल तर तो जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे ५८ ग्रॅमपेक्षा थोडं जास्त. मोड घालायची (जुनं सोनं देऊन नवं घ्यायचं) असेल तर हे ध्यानात ठेवा.

मूसभट्टी

बोरमाळ आणि नथीबद्दल लिहितो.

बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे आणि पोकळ असतात. चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. लाख असण्यात काही गैर नाही, ती सोन्याच्या भावाने तोलली तर गैर. माळ ओवून झाली की दुकानात नुसत्या काट्यावर लाख वेगळी काढता येत नाही. म्हणून विचारायचं ते असं: "लाख भरण्याआधीचं वजन किती?" कारागीर ते नोंदवूनच माल देतो, त्यामुळे सराफाकडे आकडा असतो. बिलात एकूण वजन, लाख आणि ओवायचा गोफ मिळून वजा, आणि निव्वळ सोनं, असे तीन आकडे लिहून घ्या. पुढे मोडीला नेल्यावर माळ आटवतात, लाख जळून जाते आणि उरतं तेवढंच सोनं धरतात. तेव्हा बिलातला निव्वळ आकडा हाताशी नसेल तर तुम्हाला बोलायला जागा राहत नाही. आणि अशी माळ गरम पाण्यात धुऊ नका, लाख मऊ पडून मण्यांच्या भोकांतून बाहेर येते.

नथीवर शिक्का नाही हे बरोबर असू शकतं. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाला हॉलमार्क सक्तीचा नाही. कुंदन, पोलकी, जडाऊ कामालाही नाही. पण शिक्का नसला तरी शुद्धता बिलात लिहून मागता येते. तार ताठ राहावी म्हणून १८ कॅरेटची वापरली असेल तर कामाच्या दृष्टीने ते योग्यच, फक्त भाव १८ चा लागला पाहिजे. मोत्यांची किंमत वेगळ्या ओळीत. सोनं आणि मोती मिळून एकच रक्कम सांगणाऱ्याकडे नथ घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मोडीच्या वेळी मोत्यांना क्वचितच कुणी पैसे देतं.

अजून एक, "केडीएम आहे" असं कुणी सांगितलं तर ती शुद्धतेची खूण नाही. तो डाग देण्याचा, म्हणजे दागिन्याचे तुकडे वितळलेल्या धातूने सांधण्याचा प्रकार, त्यात कॅडमियम असायचं. त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांत जायचा म्हणून ते बंद पडलं. डागाचं मिश्रण दागिन्याच्या आधी वितळावं लागतं, त्यामुळे त्यात इतर धातू मिसळतात. जाळीकाम आणि बारीक कड्या जास्त, तितके डाग जास्त. आटणीत कस उतरतो तो मुख्यतः यामुळे.

पेठेतली_काकू

लाखेचं विचारायचं सुचलंच नव्हतं, आभार. आता चांदी? आणि घेतल्यानंतर शंका आली तर तपासायचं कुठे?

रुपेरी

चांदीला हॉलमार्क आहे, पण अजून सक्ती नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही एचयूआयडीची सोय झाली आहे, तीही ऐच्छिक. म्हणून मागणी तुम्हीच करायची. श्रेणी ८००, ८३५, ९२५, ९५८, ९७०, ९९० आणि ९९९. ताट-वाटीला ९२५ मजबूत पडते, त्यात बहुधा तांबं मिसळलेलं असतं. ९९९ चं ताट हवं असेल तर पत्रा जाड घ्यावा लागतो, नाहीतर कडा वाकतात.

फसगत भावात होते. पेपरात येतो तो भाव शुद्ध चांदीचा, किलोचा. समजा तो १,००,००० आहे. ५०० ग्रॅमच्या ९२५ च्या ताटात शुद्ध चांदी ४६२.५ ग्रॅम, म्हणजे ४६,२५० रुपयांची. पूर्ण भावाने लावलं तर ५०,००० होतात आणि घडणावळ वर वेगळी. म्हणून "९२५ चा भाव काय?" असं वेगळं विचारा.

टंच म्हणजे शेकड्यात शुद्ध चांदी किती. ६० टंचाच्या पैंजणात १०० ग्रॅमला ६० ग्रॅम चांदी. पैंजणाला कड्या, घुंगरू, डाग भरपूर, त्यामुळे टंच कमी असणं नवल नाही. घेतानाच "परत घेताना किती टंच धरणार?" हे विचारून बिलावर लिहून घ्या. समईत दांडी पोकळ आहे का आणि बुडात वजनासाठी भर घातली आहे का, ते उलटी करून बघा. भर असेल तर ती वजा झाली पाहिजे. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त.

घरी एक तपासणी होते. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. वाटी दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, बुडाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे झटका. काट्यावर जो आकडा येईल त्याने वाटीच्या वजनाला भागा. चांदीला उत्तर १०.३ ते १०.५ च्या आसपास येतं. ५० ग्रॅमची वाटी असेल तर काटा ४.८ दाखवेल, पितळेची असेल तर ५.९ च्या जवळ. एवढ्याने पितळ पकडलं जातं. ९२५ आणि ९९९ यांतला फरक मात्र कळत नाही, तो फार थोडा आहे. पोकळ किंवा भरलेल्या वस्तूला ही रीत लागू नाही.

लोहचुंबकावर भरवसा ठेवू नका, पितळ आणि तांबंही त्याला चिकटत नाहीत. आणि चांदी काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही. हवेतल्या गंधकाने शुद्ध चांदीही काळवंडते.

कसवटी

तपासणीचं. बीआयएसने मान्यता दिलेल्या हॉलमार्क केंद्रात ग्राहकाला स्वतः दागिना नेता येतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगाला ४५, कर वेगळा. केंद्रांची यादी बीआयएसच्या संकेतस्थळावर आहे.

दुकानातलं कॅरेटोमीटर एक्स-रे वापरतं आणि फक्त वरचा थर वाचतं. तेजाबाने उजाळा दिलेल्या दागिन्याच्या पृष्ठभागावरचं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा चढा येऊ शकतो. मुलामा असेल तर वाचन आणखी फसवं. एकाच जागी मोजून समाधान मानू नका. मागची बाजू, हूक आणि डागाजवळची जागा, अशी तीन वाचनं मागा.

निर्णायक पद्धत म्हणजे अग्निपरीक्षा. दागिन्यातून छोटा नमुना कापतात, त्यात मोजून चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि हजार अंशांवरच्या भट्टीत छिद्रमय मुशीत ठेवतात. शिसं आणि तांब्यासारखे हिणकस धातू मुशीत शोषले जातात. उरलेल्या गोळीतली चांदी नायट्रिक ॲसिडने काढली की सोनं राहतं, ते तोलायचं. यात दागिना कापला जातो, म्हणून आधी एक्स-रे आणि फरक दिसला तरच हे करा.

शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाकडून मिळतो. १० ग्रॅमचा ९१६ चा दागिना ९०० निघाला तर तूट ०.१६ ग्रॅम शुद्ध सोन्याची. वर धरलेल्या ग्रॅमला १०,००० च्याच भावाने १,६०० रुपये, म्हणून भरपाई ३,२०० आणि वर तपासणीचा खर्च. तक्रार बीआयएस केअर ॲपवरून किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. त्यासाठी केंद्राचा अहवाल आणि निव्वळ वजन लिहिलेलं पक्कं बिल, दोन्ही लागतील. कच्च्या चिठ्ठीवर सोनं घेतलं असेल तर तूट कशाच्या तुलनेत मोजायची, हेच सिद्ध करता येत नाही.