बेसिस्ट पुण्याला गेला, गिटार + ऑक्टेव्ह पेडलवर कोजागिरी निभेल का?

रिदमवाला_मनीषनगर

मंडळी अर्जंट सल्ला पाहिजे. आमचा चार जणांचा बँड आहे, म्हणजे होता. बेसवाल्याला मागच्या महिन्यात पुण्याला नोकरी लागली आणि जाताना तो बेसही घेऊन गेला, त्याचाच होता त्यामुळे काही बोलताही येत नाही. आता मी रिदम, एक लीडवाला (गातोही तोच) आणि ड्रमर, एवढेच उरलो. आणि कोजागिरीला त्रिमूर्ती नगरात एका सोसायटीच्या गच्चीवर प्रोग्राम घेऊन ठेवला आहे, तीन आठवडे राहिले, दहा-बारा गाणी, अर्धी हिंदी, दोन-तीन मराठी, बाकी आमची रॉकची हौस.

डोक्यात असं आहे की कॉर्ड लीडवाला सांभाळून घेईल आणि मी माझ्याच गिटारवर ऑक्टेव्ह (सूर एक सप्तक खाली नेणारा इफेक्ट) लावून बेस वाजवीन. गिटार स्ट्रॅट टाइप, तारा ९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), एक जुना मल्टिइफेक्ट (बरेच इफेक्ट एकत्र असलेलं पेडल) आहे त्यात ऑक्टेव्ह आहे, आणि १५ वॉटचा प्रॅक्टिस ॲम्प, ८ इंची स्पीकरवाला. काल रात्री लावून पाहिलं. खालची ई मारली की ॲम्प नुसता फडफडते, आई किचनमधून विचारून राहिली की एवढ्या रात्री मिक्सर कोणी लावला. वरच्या फ्रेटवर जरा बरं येते पण कॉर्ड मारला की गाडी घाटात बंद पडल्यासारखा आवाज.

तर हे पेडलच बेकार आहे का, वेगळं चांगलं ऑक्टेव्ह घेऊ का (बजेट ओढूनताणून आठ हजार), का सरळ गिटारलाच बेसच्या तारा लावून टाकू? शेवटचं कोणी करून पाहिलं असेल तर सांगा, हसू नका.

४४०_हर्ट्झ

हसलो. सॉरी.

भाऊ पेडलले शिव्या नको देऊ, चोर तो ॲम्प आहे. हिशोब पाह्य. गिटारची खुली ई म्हणजे ८२ हर्ट्झ, एक ऑक्टेव्ह खाली गेली की ४१, बेसची खालची ई तीच. तुया ८ इंची स्पीकर ८२ च धड देत नाही, तो ४१ कुठून देईन? गिटारचे मोठे १२ इंची स्पीकरसुद्धा ७५-८० च्या खाली हात वर करतात, ते बनवलेच मधल्या आवाजासाठी. मंग होते काय, स्पीकरचा कोन (कागदी पडदा) जिवाच्या आकांतानं पुढंमागं हालते पण हवा काही ढकलल्या जात नाही, आणि ते जे फर्र फर्र ऐकू येते ना तो तुयाकडचा बेस नाही, तो कोनचा रडण्याचा आवाज आहे. म्या असाच एक ॲम्प मारला आहे, कडेचा कागद फाटला, त्याले फेविकॉल लावून दोन वर्षं वापरला, अजूनही जी नोटेवर तो माशीसारखा गुणगुणते. म्हणून सांगतो, त्या डब्यात खालची ई जोरात वाजवू नको.

आज रात्री एकच कर. मल्टिइफेक्टले हेडफोन लाव आन् ऐक. आणि त्यात कॅब सिम्युलेशन म्हणून काही असन तर ते बंद कर! हे कोणी सांगत नाही बाप्पा. ते गिटारच्या स्पीकरच्या डब्याची नक्कल करते, म्हणजे खालचं सगळं कापूनच टाकते. इकडून ऑक्टेव्हनं बेस बनवून राहिला आन् तिकडून कॅबनं कापून राहिला, मंग उरन काय. बेसचा कॅब असन त्यात तर तो लाव, नाहीतर काहीच नको.

प्रोग्रामच्या दिवशी ॲम्प घरीच ठेव. डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल मिक्सरले चालन असा करून देणारी डबी, घे (कोणाकडून मागून आण), मल्टिइफेक्टमधून सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये. त्याच्याकडे सब (फक्त खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर) असला तर अर्धं काम झालंच समज.

बेसच्या तारांचं राहू दे. बेसची जाड तार ०.१०५ इंचाची, तुया गिटारची जाड ०.०४२. तुया चावीच्या भोकात ती जाणारच नाही, नट घासा लागन, आन् बेसची स्केल ३४ इंच, स्ट्रॅटची साडेपंचवीस, तेवढ्या लांबीत ती तार बेसच्या ट्यूनिंगले चड्डीच्या इलॅस्टिकसारखी ढिली राहते. फेंडरनं १९६१ मध्ये सहा तारांचा बेस काढला होता, बेस सिक्स, गिटारपेक्षा बरोबर एक ऑक्टेव्ह खाली, त्यालेही ३० इंचाची मान द्यावी लागली. तुया स्ट्रॅटले काहून छळतं.

सोल्डर_भाऊ_सीताबर्डी

४४० चं बरोबर आहे पण अर्धंच. कॉर्डवर जे घाटातल्या गाडीसारखं येऊन राहिलं ना, ते ॲम्पमुळे नाही.

जुन्या पद्धतीची ऑक्टेव्ह पेडल्स, म्हणजे १९८२ चं बॉस ओसी-२ वगैरे, आतून अगदी भोळी असतात. ती तारेचा आवाज घेतात, त्याची चौकोनी लाट करतात आणि एक फ्लिप-फ्लॉप (दोनच स्थिती असलेलं सर्किट) दर लाटेमागे एकदा पलटतो, म्हणजे दोन लाटांमागे त्याची एक लाट, झाली फ्रिक्वेन्सी अर्धी. तो सर्किट बिचारा फक्त लाटा मोजते, कोणती लाट कोणत्या तारेची हे त्याला कळत नाही. दोन तारा एकदम वाजल्या की मोजणी चुकते आणि गुळण्या सुरू. जुन्या मल्टिइफेक्टमधलं ऑक्टेव्ह पण बरेचदा एकाच सुराचं असतं. पीओजी किंवा ओसी-५ सारखी नवीन पॉलिफोनिक पेडल्स कॉर्ड झेलतात, पण बेसमध्ये तुला कॉर्ड वाजवायचेच कुठे आहेत? त्यासाठी आठ हजार घालू नको.

एक सूर वाजवतानाही तो गडबडतो त्याचं कारण वेगळं. जाड तारेत मूळ सुरासोबत वरचा हार्मोनिक पण जोरात असतो, कधी कधी मूळ सुरापेक्षाही जोरात, मग पेडल त्यालाच मूळ समजून वर उडी मारते. म्हणून नेक पिकअप लाव, गिटारवरचा टोन नॉब जवळजवळ शून्यावर, आणि पिक ठेवून दे. तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकव आणि अंगठ्यानं, मानेच्या बाजूला, मऊ छेड. ९ च्या तारा जोरात मारल्या की पहिल्या क्षणी सूर चढतो आणि मग खाली बसतो, ऑक्टेव्ह तो चढलेला सूरही इमानदारीने खाली नेते आणि सगळा बेस बेसूर वाटतो. जमलं तर ११ चा सेट लावून घे, पण मग ट्रस रॉड (मानेतली सळई) आणि ब्रिज बघावा लागेल, तीन आठवड्यात करायचं असेल तर आजच कर.

चेनमध्ये कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा) पहिले, मग ऑक्टेव्ह, ओव्हरड्राइव्ह लावायचाच असेल तर त्याच्यानंतर. डिस्टॉर्शननंतर ऑक्टेव्ह लावलं तर परत त्या गुळण्या. ड्राय सिग्नल (गिटारचा मूळ आवाज) शून्य किंवा अगदी किंचित.

अजून एक. पेडलला सूर ओळखायला निदान एक पूर्ण लाट तरी पाहावी लागते. ८२ हर्ट्झची एक लाट १२ मिलिसेकंदांची, म्हणजे खुल्या ईवर तू ड्रमरच्या मागे राहणारच. तोच ई एक ऑक्टेव्ह वर, ए-तारेच्या सातव्या फ्रेटवर वाजव, तो १६५ हर्ट्झ, लाट ६ मिलिसेकंद, आणि ऑक्टेव्ह दोन खाली कर. सूर तोच ४१, पण पकड लवकर. आवाज जरा सिंथसारखा येतो, मला आवडतो, काहींना नाही आवडत.

फुटाळा_ब्लूज

एवढा विचार कशाला, व्हाईट स्ट्राइप्समध्ये बेसवाला नव्हताच की. २००३ चं सेव्हन नेशन आर्मी, ज्याला सगळे बेस समजतात तो जॅक व्हाईटचा गिटार आहे, व्हॅमी पेडल एक ऑक्टेव्ह खाली.

सोल्डर_भाऊ_सीताबर्डी

हो, आणि त्या गाण्यात तो रिफ एकेका सुराचा आहे, संथ आहे, आणि सोबत ड्रम्स सोडून दुसरं कोणी नाही. म्हणून जमलं. यांचा लीडवाला वरून कॉर्डचा पाऊस पाडणार आहे.

ऑर्केस्ट्रावाले_काका

पोरांनो, पेडल-पेडल काय करून राहिले. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला, त्यातली निम्मी वर्षं बेस माझ्या डाव्या हातात होता, कारण बेसिस्टला वेगळे पैसे द्यायला आयोजक तयार नसे. लग्नात, गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, कुठेही कोणी येऊन विचारलं नाही की बेस कोण वाजवतो.

अडचण दुसरी आहे बाबू. तू रिदमवाला आहेस. तुझा हात सतत खाली-वर चालतो, त्याला रिकामी जागा सहन होत नाही. बेसमध्ये सूर कुठे थांबवला हे तो कुठे सुरू केला याच्याइतकंच महत्त्वाचं. ड्रमरसोबत दोघंच बसा, गाणं लावू नका, फक्त त्याचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ऐक आणि किकसोबत मूळ सूर दे, पुढच्या स्नेअरच्या आधी डाव्या हाताने तार दाबून बंद कर. अर्धा तास एवढंच. कंटाळा येईल, येऊ दे. तो जमला की मग पंचम घाल, आणि पुढच्या कॉर्डकडे जाताना एखादा मधला सूर.

आणि खरं सांगायचं तर एखादा बेस मागून आण. नागपुरात कितीतरी घरांत बेस माळ्यावर पडून आहेत, कॉलेजात घेतला आणि मग बँकेत लागले. चार तारा ई ए डी जी, तुझ्या गिटारच्या खालच्या चार त्याच. बोटांना नावं पाठ आहेतच, फक्त फ्रेट लांब-लांब वाटतील.

४४०_हर्ट्झ

काका बेस मागून आणला तरी वाजवाले तोच १५ वॉटचा डबा ना? त्यात बेस लावला तर तो डबा दोन दिवसांत बसन.

ऑर्केस्ट्रावाले_काका

माझा कीबोर्ड ॲम्प आहे, १२ इंची. न्यायला कोणीतरी ॲक्टिव्हा नाही, कार घेऊन या.

रिदमवाला_मनीषनगर

अपडेट देतो, रविवारी सगळं करून पाहिलं.

हेडफोनमध्ये कॅब बंद केला आणि मी अक्षरशः खुर्चीवरून उठलो, इतके दिवस हा बेस त्या डब्यात होताच आणि मीच त्याला कापून राहिलो होतो. नेक पिकअप आणि अंगठा, यानेही खूप फरक. पिक हातात घेतलं की परत उड्या मारते, म्हणून ड्रमरनं माझं पिक जप्त केलं आहे.

दोन ऑक्टेव्हवाली ट्रिक दोन गाण्यांना मस्त बसली, तिसऱ्या संथ मराठी गाण्याला ऐकवेना, एकदम व्हिडिओ गेम. तिथे खुल्या ईऐवजी गाणंच जी मध्ये नेलं, लीडवाल्याचा गळाही जी मध्ये बरा लागतो हे त्या निमित्ताने कळलं.

काकांचा किकवाला अर्धा तास केला. दहाव्या मिनिटाला ड्रमर आणि माझं भांडण झालं, तो म्हणे तू उशिरा येतो, मी म्हणे पेडल उशिरा येते. मग त्यानं फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. वरच्या फ्रेटवर जाऊन मारली तरी उशीरच. म्हणजे मीच.

काका, कार शनिवारी सकाळी येईल, चालेल का? बेसचं पण विचारून राहिलो, एकाच्या माळ्यावर आहे म्हणतात पण त्याची चावी तुटली आहे.

अजून एक प्रॉब्लेम. साउंडवाल्याकडे जाऊन मिक्सरला लावून पाहिलं, डीआय मागून आणला होता, तर नुसता हम येते, लॅपटॉपचा चार्जर जवळ नसतानाही.

सोल्डर_भाऊ_सीताबर्डी

डीआयवर ग्राउंड लिफ्ट म्हणून बटण असेल, ते दाबून पाहा, नव्वद टक्के तेच असतं. पण कोणी सांगितलं की ॲडॅप्टरची किंवा मिक्सरची तिसरी पिन तोडून टाक, तर अजिबात करू नको, गच्चीवर ओस पडलेली असते आणि तू माइकजवळ उभा असशील. मल्टिइफेक्टला त्याचाच ॲडॅप्टर वापर, आणि झगमग लाइटिंगची वायर तुझ्या केबलला समांतर लोळू देऊ नको, ओलांडायचीच असेल तर आडवी ओलांड. लिफ्ट दाबूनही हम राहिला तर डीआयचा फोटो टाक इथे.

४४०_हर्ट्झ

आन् दुधाचं पातेलं पेडलपासून लांब ठेवजो.