९/११ म्युझियममधलं दुकान: तुमचं मत काय?

हडसनकाठी (धागाकर्ता):
न्यूयॉर्कच्या ९/११ म्युझियममध्ये दुकान नको, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान त्या छपराखाली तरी नको. मे २०१४ मध्ये म्युझियम उघडायच्या काही दिवस आधी, ओळख न पटलेल्या मृतांचे अवशेष तिथे जमिनीखाली, एका भिंतीपलीकडे आणून ठेवले. सुमारे १,१०० जणांचा एकही अवशेष आजवर ओळखता आलेला नाही. तेवढ्या घरांसाठी ही जागा म्हणजे स्मशान आहे. आणि त्याच इमारतीत टीशर्ट, कीचेन, बचावपथकातल्या कुत्र्यांची मऊ खेळणी!

सुरुवातीला तर चीज वाढायची एक थाळी होती. अमेरिकेच्या नकाशाच्या आकाराची, आणि विमानं पडली त्या तिन्ही ठिकाणी हृदयाची चिन्हं काढलेली. नातेवाइकांनी आवाज उठवल्यावर ती हटवली. पण तोवर ती कुणीतरी आखली, कुणीतरी मंजूर केली, कुणीतरी तिच्यावर किंमत चिकटवली. एकालाही खटकलं नाही? याला आपल्याकडे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात.

कोथरूडची:
थाळीबद्दल सहमत, बाकी नाही. बाहेरचं स्मारक सगळ्यांना फुकट आहे, मृतांच्या कुटुंबीयांना म्युझियमचं तिकीट नाही. मग खर्च भागवायचा कशातून? तिकिटं, देणग्या आणि हे दुकान. 'लोणी' म्हणायला कुणाच्या तरी खिशात पैसा जायला हवा. इथे तो परत स्मारकातच जातो. आपल्याकडची कितीतरी हुतात्मा स्मारकं बघा. वर्षातून एकदा हार, बाकी दिवस कुलूप आणि गवत. त्यापेक्षा दुकान परवडलं.

नाणेवेडा:
कोथरूडची +१. खरं लोणी कुणी खाल्लं ते सांगतो. २००४ मध्ये अमेरिकेत एका खासगी कंपनीने 'फ्रीडम टॉवर सिल्व्हर डॉलर' विकायला काढला. ट्विन टॉवर्सच्या ढिगाऱ्याखालच्या बँकेच्या तिजोरीतून निघालेल्या चांदीचा, सरकारमान्य डॉलर, अशी जाहिरात टीव्हीवर चालायची. किंमत १९.९५ डॉलर. प्रत्यक्षात वर चांदीचा नुसता मुलामा. आणि अमेरिकेच्या अखत्यारीतल्या ज्या नॉर्दर्न मारियाना बेटांच्या नावाने तो काढला, त्यांना नाणी पाडायचा अधिकारच नाही. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी (मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी) कंपनीला कोर्टात खेचलं, विक्री थांबली, पुढे दंड आणि ग्राहकांना परतावा असा निकाल लागला.

याउलट २०११ मध्ये यूएस मिंटने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने, तिथल्या संसदेच्या कायद्यानुसार एक औंस शुद्ध चांदीचं पदक काढलं. प्रत्येक पदकामागचे १० डॉलर स्मारकाला, हे कायद्यातच लिहिलेलं. दोन्ही वस्तू शोकंतिकेवरच्याच. एकीत पैसा कुठे जातो ते छापलेलं आहे, दुसरीत लपवलेलं. माझी रेघ तिथे आहे.

हडसनकाठी:
नाणेवेडा, पदक पोस्टाने घरी येतं. माझा आक्षेप जागेला आहे. पैसा चांगल्या कामाला जातो म्हणून तो कुठेही उभारावा का? ज्या आईला मुलाचं हाडसुद्धा मिळालं नाही, तिने त्याला भेटून परत जाताना टोप्यांच्या रॅकसमोरून जायचं? तिची परवानगी कुणी घेतली?

गिरगावकर:
मुंबईचं उदाहरण देतो. २६/११ ला लिओपोल्डमध्ये गोळीबार झाला, तिथले दोन वेटरही गेले. काही दिवसांत कॅफे उघडला, भिंतीतल्या गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत. आज पर्यटक त्या खुणांना बोट लावून फोटो काढतात आणि बिअर मागवतात. धंदा होतोच. पण मला ते गैर वाटत नाही, कारण जखम त्यांची स्वतःची आहे. ज्याच्या घरात माणूस गेलं त्याने काय करावं, हे बाहेरच्याने सांगू नये. चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांचा पुतळा आहे, तिथे विकायला काही नाही. फुलं वाहून लोक पुढे जातात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

कोथरूडची:
गिरगावकर, लिओपोल्डमध्ये गिऱ्हाइकंही गेली. त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं होतं? 'जखम ज्याची, हक्क त्याचा' म्हटलं तर जखमा अनेकांच्या असतात.

गिरगावकर:
मुद्दा मान्य. तरी खुणा बुजवून वर नवा रंग मारला असता तर त्या घरच्यांना जास्त लागलं असतं, असं मला मनापासून वाटतं. खुणा ठेवणं आणि खुणा मगवर छापणं यात मी फरक करतो.

हडसनकाठी:
मग माझं म्हणणं नेमकं करतो. दुकान इमारतीबाहेर, रस्त्यापलीकडे न्या. कुठली वस्तू ठेवायची ते आधी कुटुंबीयांच्या समितीला दाखवा, थाळीसारखं ओरड झाल्यावर नको. आणि प्रत्येक लेबलवर स्मारकाला किती जातात तो आकडा छापा.

कोथरूडची:
समिती आणि आकडा, दोन्हीला पूर्ण पाठिंबा. रस्त्यापलीकडे मात्र नको. तिथे जळत्या टॉवर्सच्या फोटोंचे अल्बम विकणारे फेरीवाले आधीपासून उभे असतात आणि त्यातला एक सेंटही स्मारकाला जात नाही. आतलं दुकान काढलंत तर आठवण घ्यायला आलेला माणूस तेच अल्बम विकत घेईल.